फळाला नाव कुणाचे? : हापूसच्या घरगुती बागेचा इतिहास

कोकणातल्या कलमबागेविषयी बोलताना ‘वडिलोपार्जित’ हा शब्द हमखास येतो. डोंगरउतारावर गडगा घातलेली बाग, मध्यावर मांगर, मे महिन्यात आढ्या घातलेले माजघर हे चित्र इतके स्थिर आहे की, ते शतकानुशतके असेच असावे असे वाटते. प्रत्यक्षात हापूसच्या कलमांवर संसार चालवणारे कोकणी कुटुंब ही बरीच अलीकडची गोष्ट आहे. बहुतेक घरांत ही वंशावळ तीन-चार पिढ्यांपलीकडे जात नाही. अनेक ठिकाणी तर बाग लावणारा माणूस आजही ओटीवर बसलेला सापडतो.

या बागेचा इतिहास फळाच्या गोडीपेक्षा नावांच्या अंगाने जास्त चांगला उलगडतो. फळाला नाव कुणाचे मिळाले, सातबारावर नाव कुणाचे लागले, पेटीवर मार्का कुणाचा आणि हंगामात राबणाऱ्यांपैकी कुणाचे नाव कुठेच आले नाही, असे चार प्रश्न विचारले की चारशे वर्षांचा प्रवास बराचसा स्पष्ट होतो.

गोव्यातले एक नाव

कोयीपासून उगवलेला आंबा आईच्या गुणावर जाईलच असे नसते. म्हणून रायवळ आंब्यांच्या वाडीत प्रत्येक झाड वेगळे आणि त्याचे नावही वेगळे. गोटी, शेप्या, खोबऱ्या अशी नावे आकारावरून, वासावरून, चवीवरून पडत. ती त्या झाडापुरती असत आणि झाड पडले की नावही जाई. एकच फळ हजार झाडांवर हवे असेल तर कलम बांधावे लागते. गोव्यात हे तंत्र पोर्तुगीज काळात, विशेषतः जेझुइट धर्मगुरूंच्या हातून रुजले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

आंबा त्याआधीही युरोपीयांच्या नजरेत भरला होता. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. मुंबई बेट तेव्हा याच ओर्ताकडे खंडाने होते आणि तिथल्या आपल्या वाडीतल्या, वर्षातून दोनदा फळणाऱ्या आंब्याचा उल्लेख त्याने कौतुकाने केला आहे. पण हापूसच्या नावाचा धागा सापडतो तो सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाच्या लेखनात. गोव्यातल्या उत्तम आंब्यांची नावे देताना तो ‘निकुलाव अफोंसो’ या आंब्याचा उल्लेख करतो. हापूस हे नाव गव्हर्नर अफोंसो द अल्बुकर्कवरून पडले, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. अल्बुकर्क १५१५ मध्येच वारला. मनुचीची यादी पाहिली तर ‘अफोंसो’ हा राज्यकर्त्यापेक्षा एखादा बागवाला किंवा जमीनदार असण्याची शक्यता अधिक वाटते, कारण त्या यादीतली आणखी काही नावेही माणसांचीच आहेत.

म्हणजे कलमी आंब्याला पहिले नाव मिळाले ते माणसाचे. ‘अफोंस’चा ‘आफूस’ आणि पुढे ‘हापूस’ झाला, तोवर तो मूळ माणूस विसरला गेला होता. कलमाने एका फळाचे नाव अमर केले. ते कलम बांधणाऱ्या हातांची नावे मात्र कुठल्याच यादीत नाहीत, आणि हा प्रकार पुढेही तसाच चालू राहिला.

कलम लावायचे कोणी?

हापूसचे कलम साधारण पाच-सहा वर्षांनी फळ दाखवते आणि भरात यायला दहा-पंधरा वर्षे घेते. भात सहा महिन्यांत हाती येते. आंबा लावायचा म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांवर विश्वास टाकायचा, आणि जमीन उद्या आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नसलेला माणूस तसा विश्वास टाकू शकत नाही.

रत्नागिरी जिल्ह्याचा मोठा भाग खोती गावांचा होता. खोत सरकारात सारा भरी आणि कुळांकडून धान्याच्या रूपाने हिस्सा घेई. १८८० च्या खोती कायद्याने काही कुळांच्या हक्कांना मान्यता दिली, तरी बहुसंख्य कुळांचे जगणे अस्थिरच राहिले. अशा व्यवस्थेत कलमे कुणाच्या जमिनीत लागली असतील हे सांगायला फार तर्क लढवावा लागत नाही. ज्यांच्या नावावर जमीन होती, किंवा ज्यांच्याकडे शहरातून, नोकरीतून आलेला पैसा होता, त्यांच्या. कुळाच्या वाट्याला वरकस जमिनीतली नाचणी, वरी आणि दुसऱ्याच्या बागेतली मजुरी आली. घराजवळ त्याचे झाड असलेच, तर ते रायवळ.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते त्या वेळी संमत झाले नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आला आणि पुढच्या वर्षी अमलात आला. त्यापाठोपाठ कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवला आणि कसणाऱ्या कुळाचे नाव मालक म्हणून लागण्याची वाट मोकळी झाली. आंब्याच्या इतिहासात या तारखा सहसा सांगितल्या जात नाहीत. पण मोठ्या वाड्यांबाहेरच्या कुटुंबाला कलम लावावेसे वाटण्याची पहिली अट या तारखांनी पुरी केली. दुसरी अट भांडवलाची होती, आणि ती पुरी व्हायला आणखी तीन दशके जावी लागली.

बंदर, बोट आणि पेटी

फळ पिकवणे एक आणि ते मुंबईला पोचवणे दुसरे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आगबोटी रत्नागिरी, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांना मुंबईशी जोडू लागल्या. बोट खोल पाण्यात उभी राही. माणसे, बोचकी आणि आंब्याच्या करंड्या पडावातून तिच्यापर्यंत नेल्या जात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. समुद्र खवळण्याआधीची शेवटची बोट आणि झाडावरचा शेवटचा हापूस यांची गाठ मे महिन्याच्या अखेरीस पडे. मागे राहिलेला आंबा घरी आटवायचा, त्याची साठे घालायची, मुरांबा करायचा. कोकणी घराची बेगमी त्या उरलेल्या फळातून झाली.

मुंबईच्या टोकाला १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले. आज त्याला महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. कोकणच्या आंब्याचा भाव पुढची सव्वाशे वर्षे तिथे ठरला. १९९६ मध्ये घाऊक फळबाजार वाशीला गेला तेव्हा जागा बदलली, रीत फारशी बदलली नाही. रुमालाखाली हातात हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा व्हायचा. शेजारी उभ्या असलेल्या बागायतदारालाही आपल्या पेटीचा भाव त्या क्षणी कळत नसे. तो कळे काही दिवसांनी, ‘पट्टी’ घरी आली म्हणजे. पट्टीवर पेट्यांची संख्या आणि भाव, आणि खाली आडत, हमाली, भाडे वजा केलेले.

दलालाला खलनायक ठरवून हा विषय संपत नाही. ज्या काळात बँक कोकणातल्या छोट्या बागायतदाराला दारात उभे करीत नव्हती, त्या काळात औषधपाण्याला, पेट्यांना, प्रसंगी मुलीच्या लग्नालाही ‘उचल’ देणारा दलालच होता. उचल घेतली की माल त्याच्याच गाळ्यावर. मोहोर यायच्या आधीच फळाचा रस्ता ठरलेला असे. पेटीवर बागायतदाराच्या नावाची अक्षरे काळ्या रंगाने रंगवलेली असत आणि आतले डझन लिहिलेले असत. चार डझनांची पेटी म्हणजे मोठे फळ, सहा-सात डझनांची म्हणजे लहान. गिऱ्हाईकाच्या घरी पेटी पोचेपर्यंत ती अक्षरे पुसली जात आणि ‘देवगड’ किंवा ‘रत्नागिरी’ एवढेच उरे. माणसाच्या नावाने सुरू झालेले फळ असे गावाच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

घरातला हंगाम

विसाव्या शतकाच्या मध्यावर अशा बागेचे वर्ष कसे जाई? बाहेरच्याला हंगाम म्हणजे एप्रिल-मे वाटतो. बागेत तो दसऱ्याच्या आसपास सुरू होई.

पाऊस ओसरला की बेणणी. गुडघाभर वाढलेले गवत कापायचे, ढासळलेले गडगे लावायचे, बांडगुळे तोडायची. ऑक्टोबरच्या उन्हाचा ताण कलमांना हवाच असतो. पालवी जून झाली तरच तिच्या टोकाला मोहोर धरतो. याच दिवसांत कोवळी पालवी भसाभस फुटली तर जाणती माणसे हळहळत, कारण त्या फांद्या यंदा फुलणार नसत. हापूस मुळातच एक वर्षाआड भरणारा. भरल्या वर्षाची शिल्लक रिकाम्या वर्षाला पुरवायची, हा घरातल्या अर्थशास्त्राचा पहिला नियम होता. लग्न, घराची कौले, मुलाचे शिक्षण, सगळे भरल्या वर्षावर टाकलेले असे.

डिसेंबरच्या थंडीत मोहोर येई. मग पहाटे बागेत जाऊन तो हातात धरून पाहायचा : तुडतुडे आहेत का, भुरी दिसते का, ढगाळ हवेने करपा तर नाही ना. फळ कणीएवढे, मग सुपारीएवढे, मग अंड्याएवढे होत जाई आणि प्रत्येक टप्प्यावर गळ ठरलेली. मोहोराच्या मानाने झाडावर टिकणारे फळ अगदीच थोडे. मार्चपासून राखण. वानर, वटवाघळे आणि चोर यांच्यासाठी कुणीतरी मांगरात रात्री झोपायलाच हवे.

आंबा उतरवायचा तो ‘चौदा आणे’ तयार झाल्यावर. रुपयाच्या सोळा आण्यांतले चौदा, म्हणजे झाडावर पुरता न पिकलेला पण आढीत नीट पिकेल असा. देठाजवळचा खळगा, खांद्याची भर, सालीचा बदललेला रंग यांवरून हे ओळखता येणारी नजर शाळेत शिकवली जात नव्हती. झेल्याने देठासकट काढायचा, नाहीतर चीक फळावर ओघळून डाग पडतो. उन्हात ठेवायचा नाही. सावलीत आणून निवड करायची, डागी वेगळा, लहान-मोठा वेगळा, आणि भाताच्या पेंढ्यात थर लावून पेटी भरायची. घरच्यासाठी ठेवलेल्या फळाची आढी घालायची आणि रोज परतायची.

एवढे काम करायला घरात कोण होते? इथे ‘घरची बाग’ या शब्दातले घर नीट पाहावे लागते. कोकणातला कर्ता पुरुष मोठ्या प्रमाणावर मुंबईत होता. गिरणीत, गोदीत, पेढीवर किंवा कचेरीत. गावचे घर त्याच्या मनीऑर्डरीवर चाले आणि तो येई शिमग्याला, गणपतीला आणि मे महिन्यात. बाकीचे दहा महिने बाग सांभाळणारे हात म्हणजे म्हातारे आईवडील, त्याची बायको आणि गावातले गडी-कामकरणी. पहिल्या तीन-चार उन्हाळ्यांत नव्या कलमांना डोक्यावरून हंड्याने पाणी घालणारी, निवड करणारी, पेटीतला पेंढा सारखा करणारी, आढीतला पिकला आंबा वासाने ओळखणारी बाई घरोघर होती. पट्टी यायची ती सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावाने. सातबारावर तिचे नाव लागलेच तर बहुधा विधवा झाल्यावर, वारस म्हणून.

मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये झाली. कायद्याने नाव लागण्याची सोय झाली खरी; पण बागेत राबलेली सून आणि सातबारावर आलेली, कधीच परदेशी स्थायिक झालेली नात यांचा हिशेब कुठलाच कायदा मांडू शकत नाही.

सुरुंगाचे खड्डे

भांडवलाची अडचण सुटली ती दोन वाटांनी. एक विज्ञानाची. मुंबई सरकारच्या शेतीखात्याने १९२१ मध्येच बर्न्स आणि प्रयाग यांचे आंब्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले होते. १९५७ मध्ये वेंगुर्ल्याला फळ संशोधन केंद्र निघाले आणि १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. जुने ‘भेट कलम’ बांधायचे तर रोप कुंडीसकट मातृवृक्षाच्या फांदीपर्यंत न्यावे लागे आणि महिनोन्‌महिने तिथे बांधून ठेवावे लागे. त्याऐवजी कोवळ्या रोपावर काडी बांधण्याचे ‘कोय कलम’ रूढ झाल्यावर एका पावसाळ्यात हजारोंनी कलमे तयार होऊ लागली. कलम स्वस्त झाले.

दुसरी वाट सरकारी योजनेची. १९९० पासून महाराष्ट्राने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली आणि अल्पभूधारकाला आपल्याच जमिनीत खड्डे खणण्याची, कलमे लावण्याची मजुरी मिळू लागली. कोकणच्या कातळावर सुरुंग लावून खड्डे पाडले गेले, त्यांत बाहेरून आणलेली माती भरली गेली आणि जिथे पावसाळ्यात फक्त गवत उगवे तिथे दहा-दहा मीटरवर हापूस उभा राहिला. कुळाच्या नातवाच्या नावाने बाग झाली ती तेव्हा. खोती गेल्याच्या चाळीस वर्षांनंतर आंबा खऱ्या अर्थाने सामान्य कुटुंबाच्या दारात आला. आज आपण ‘पारंपरिक’ म्हणून दाखवतो त्या बागांपैकी पुष्कळशा याच लाटेतल्या आहेत.

हंगाम विकला जातो तेव्हा

याच सुमारास बागेचे कॅलेंडरही बदलले. पॅक्लोब्युट्रॅझॉल हे वाढ रोखणारे द्रव्य, बागायतदारांच्या भाषेत ‘कल्टार’, जुलै-ऑगस्टमध्ये बुंध्याभोवती मातीत दिले की पालवीचा जोर ओसरतो, मोहोर लवकर आणि दर वर्षी येतो. विद्यापीठाने मात्रा ठरवून दिली : झाडाच्या विस्ताराच्या प्रत्येक मीटर व्यासामागे तीन मिलिलिटर, आणि सोबत खतांची भरपाई. एक वर्षाआडच्या चक्रातून सुटका झाली. लवकर आलेल्या पेटीला मोठा भाव मिळू लागला आणि अक्षय्य तृतीयेला पहिला आंबा चाखणारा मराठी माणूस फेब्रुवारीत मुहूर्ताच्या पेटीचे फोटो पाहू लागला.

त्याची किंमत खर्चाच्या रूपाने आली. फवारण्या वाढल्या, लवकरच्या फळानंतर पुन्हा मोहोर फुटून आधीची फळे गळू लागली, खते न देता वाढीव मात्रा दिलेली झाडे थकली. मुले मुंबई-पुण्यात, सातबारावर वीस-पंचवीस नावे, खर्च करणार कोण? तेव्हा बाग चार-पाच वर्षांच्या कराराने द्यायची वाट अनेक घरांनी धरली. करार घेणाऱ्याचा सगळा हिशेब त्या चार-पाच वर्षांचा. पन्नास वर्षांवर विश्वास टाकून लावलेले झाड आता अल्पमुदतीच्या गणितात आले. बाग घराच्या नावावर राहिली, पण तिचा हंगाम दुसऱ्याचा झाला.

राखणीचे कामही घराबाहेर गेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेपाळमधून माणसे येतात, कधी बायकामुलांसह. मांगरात राहतात, बेणणीपासून पेट्या भरण्यापर्यंत सारे करतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. रत्नागिरी-देवगडच्या बागा आज त्यांच्याशिवाय चालणार नाहीत. ज्या कोकणातून माणसे मुंबईला गेली, त्याच कोकणात दुसऱ्या डोंगराळ मुलखातली माणसे कामाला येतात, आणि त्यांच्याही गावी घर सांभाळणारे कुणी म्हातारे मागे राहिलेले असते. राबणारा बदलला, त्याचे नाव कागदावर नसणे मात्र चालूच राहिले.

धोका मात्र बदलला नाही. साक्याचा दोष संशोधकांनी १९३४ मध्येच नोंदवला होता, तरी आजही बाहेरून देखणे फळ कापल्यावर आतून पांढरट निघते. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला काही महिने बंदी घातली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने ऐन हंगामात बाजार थांबला. त्याच जूनच्या आरंभी ‘निसर्ग’ वादळाने दापोली-मंडणगड आणि रायगडातली जुनी झाडे मुळासकट पाडली. पुढच्या मे महिन्यात ‘तौक्ते’ने झाडावरचे उरलेले फळ जमिनीवर आणले. मोहोर ते पट्टी यांच्यामध्ये जे काही घडते त्याचा भार अखेर ज्याने खर्च केला त्याच्यावर. पूर्वी तो घरावर होता, आता घर आणि करारदार यांच्यात वाटला जातो एवढेच.

टाळेबंदीने एक वेगळी गोष्टही घडवली. २०१६ मध्येच फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक मिळाली होती. २०२० मध्ये अनेक कुटुंबांनी तिचा खराखुरा उपयोग केला आणि शहरातल्या सोसायट्यांपर्यंत पेट्या थेट नेल्या. पेटीवरची अक्षरे प्रथमच गिऱ्हाईकाच्या हाती न पुसता पडली.

नाव नोंदवताना

२०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळालाच आता कायद्याने हे नाव लावता येते, आणि त्यासाठी बागायतदाराला आपली नोंद करून घ्यावी लागते. गोव्यातल्या कुणा अफोंसोच्या नावाचे फळ चारशे वर्षांनी कोकणच्या मालकीचे म्हणून नोंदले गेले. भेसळ रोखण्यासाठी हे आवश्यकच होते. पण ही नोंद जमीनधारकाची आहे. चौदा आणे ओळखणाऱ्या नजरेची आणि आढी परतणाऱ्या हातांची नोंद तिच्यात मावत नाही.

ती नोंद असेलच तर दुसरीकडे आहे. जुन्या घरांच्या फडताळांत हंगामाच्या वह्या असतात : कुठल्या तारखेला किती पेट्या गेल्या, कुणाच्या गाळ्यावर, पट्टी किती आली, बेणणीला किती माणसे आणि किती बाया लागल्या, कुणाला किती मजुरी दिली. त्यांच्यासोबत दोऱ्यात ओवलेल्या पट्ट्या. कोकणच्या गेल्या शंभर वर्षांच्या हवामानाचा, मजुरीचा आणि भावाचा असा दुसरा दस्तऐवज नाही, आणि बाग राबवणाऱ्यांची नावे, निदान पहिली नावे, सापडण्याचा संभव असलाच तर तो याच वह्यांत आहे. घरे विकली जातात, वाटण्या होतात, तेव्हा सातबाराचे उतारे जपून ठेवले जातात आणि या वह्या रद्दीत जातात. गावोगावची वाचनालये आणि विद्यापीठांचे इतिहास विभाग यांनी त्या उतरवून घेण्याचे काम हाती घेतले, तर हापूसचा इतिहास केवळ फळाचा आणि मालकाचा न राहता तो पिकवणाऱ्यांचाही होईल. त्यातल्या शाईचे अक्षर वाचून सांगू शकणारी माणसे अजून घराघरांत आहेत, तोवरच हे काम व्हायला हवे.